शंभरातले दोन

गोंदिया जिल्ह्यात शंभर माणसांमागे मुस्लिम किती? जेमतेम दोन! इतकं कमी असणं म्हणजे नेमकं काय असतं? गोंदियात वाढलेल्या आणि पुण्यात आयटीत नोकरी करणाऱ्या एका मुलीचा हा हिशेब... थोडा गोड, थोडा तिखट.

‘‘अय्या, तुझं मराठी किती छान आहे गं!’’

नोकरीचा पहिला आठवडा. हिंजवडीतलं कँटीन, हातात चहाचा कागदी कप, आणि समोर टीममधली एक मुलगी मनापासून कौतुक करतेय. मी ‘थँक्यू’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मी पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, ‘बालभारती’तल्या कविता तिच्याइतक्याच मलाही पाठ आहेत, हे चहाच्या एका कपात कसं सांगायचं? तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं माझ्या आयकार्डावरचं नाव वाचलं होतं आणि त्या नावाला एक भाषा चिकटवून टाकली होती. बस्स.

दुसरा प्रश्न ठरलेला. ‘‘मूळची कुठली?’’

‘‘गोंदिया.’’

‘‘म्हणजे... छत्तीसगडमध्ये ना?’’

आता यावर मात्र मी चिडते! महाराष्ट्र एक्स्प्रेस नावाची गाडी ठाऊक आहे ना? कोल्हापूरहून निघते, पुण्यावरून जाते आणि अख्खा महाराष्ट्र आडवा कापून साडेतेराशेच्या आसपास किलोमीटरनंतर जिथं थांबते, ते आमचं गोंदिया. मुंबईहून सुटणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसच्या पाटीवरचं शेवटचं नावही आमचंच. पाटीवर रोज वाचतात सगळे, उतरत कुणीच नाही. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. आठ तालुके, धानाची शेती, जिकडेतिकडे तलाव, तेंदूपत्ता, राईस मिल आणि नागझिऱ्याचं जंगल. हद्दीला मध्य प्रदेश, हद्दीला छत्तीसगड. पण आहोत आम्ही महाराष्ट्रातच, प्लीज!

थोडक्यात काय, तर मी दुप्पट मायनॉरिटी. महाराष्ट्रात गोंदियावाली, आणि गोंदियात मुस्लिम.

आकड्यांचा खेळ

२०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या भरली सव्वातेरा लाखांच्या आसपास. त्यात मुस्लिम साधारण दोन टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण साडेअकरा टक्के आहे आणि देशात चौदाच्या थोडं वर. आमच्याकडे आदिवासी सोळा टक्के, आणि बौद्धांची संख्याही आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे अल्पसंख्याकांतही आमचा नंबर बराच मागे!

त्यातही बराच मोठा हिस्सा गोंदिया शहरात. तिथं मशिदी आहेत, मोहल्ले आहेत, रमजानमध्ये संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात. खेड्यांत मात्र चित्र वेगळं. एखाद्या गावात पाच घरं, एखाद्यात दोन, कित्येक गावांत एकही नाही. मुंबईतला मुस्लिम मोहल्ला डोळ्यांसमोर आणून तुम्ही आमचा विचार करायला गेलात, तर पार चुकाल. जिथं दोनच घरं असतात तिथं मोहल्ला कसा बनणार? तिथं शेजार असतो. डावीकडे पोवारांचं घर, उजवीकडे कोहळ्यांचं, समोर गोंडांचं.

आलो कुठून?

‘तुम्ही लोक मूळचे कुठले?’ हा प्रश्न मला आडून आडून बऱ्याचदा विचारला गेलाय. अपेक्षित उत्तर असतं अफगाणिस्तान किंवा अरबस्तान. मग मी बख्त बुलंदची स्टोरी सांगते.

देवगडचा हा गोंड राजा. देवगड म्हणजे आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातलं. सतराव्या शतकाच्या शेवटी तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, इस्लाम स्वीकारला आणि राज्य राखलं. वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत या घराण्याची सत्ता होती. १७०२ मध्ये याच बख्त बुलंद शाहनं बारा वाड्यांचं मिळून नागपूर वसवलं, असं मानतात. त्याचे वंशज मुस्लिम राहिले, पण गोंडांशी नातं त्यांनी तोडलं नाही. राजा मुस्लिम झाला म्हणून प्रजेनं धर्म बदलला, असंही घडलं नाही. गोंड आपल्या देवांपाशी राहिले. सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला आजही हजारो गोंड जमतात. म्हणजे आमच्या भागात इस्लामचं पहिलं मोठं नाव कुणा परक्याचं नाही, इथल्याच एका आदिवासी राजाचं आहे. ऑफिसात हे सांगितलं की समोरचा दोन मिनिटं गप्प होतो!

बाकी लोक पोट भरायला आले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात कापूस पिंजणारे बहना, भाजी विकणारे कुंजडे, व्यापार करणारे कच्छी मेमन, बोहरी, खोजे असे सगळे वेगवेगळे सापडतात. ‘मुस्लिम’ या एका शब्दात हे सगळे कोंबले जातात, पण कामधंदा वेगळा, घरातली बोली वेगळी, कित्येकदा मशीदही वेगळी. बहना मंडळी तर हिंदूंच्या बऱ्याच चालीरीती पाळत, अशी तेव्हाची नोंद आहे.

आणि गोंदिया शहर? ते तर रेल्वेनंच घडवलं. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रूळ पडले, पुढे जबलपूरकडे जाणारी छोटी लाईन झाली आणि एका साध्या गावाचं जंक्शन बनलं. जंक्शन म्हटलं की हमाल आले, मिस्त्री आले, व्यापारी आले. धानाच्या मिल उभ्या राहिल्या, बिडीचे कारखाने आले. गुजराती, मारवाडी, सिंधी, तेलुगू, मुस्लिम... सगळे गाडीतून उतरले आणि राहिले. म्हणून गोंदियात बाजारात हिंदी चालते, शाळेत मराठी, शेजारी पोवारी, बाजूच्या खेड्यात गोंडी आणि झाडीबोली. आमच्या घरी या सगळ्यांची मिसळ. अम्मी रागावली की उर्दू, लाडात आली की झाडीबोली!

अब्बा मिलमध्ये मिस्त्री. धान भरडायच्या मशिनीचा आवाज ऐकून कुठला पट्टा सैल झालाय ते सांगणारा माणूस. गावात आम्ही ‘मिस्त्रींची पोरं’ होतो. आणि आजोळी गेलं की माझी ओळख एकच – ‘मणियारबाबाची नात’.

चौथा माणूस

आजोळ अर्जुनी मोरगाव तालुक्यात. नानांचा धंदा बांगड्यांचा. सायकलला दोन्ही बाजूंनी पेट्या, आठवड्याचे बाजार ठरलेले, आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत दुकान. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया भरतात, रात्रभर नाटकं चालतात, पाहुणे येतात. नवी साडी आणि नवा चुडा हवाच. लग्नसराईत तर नानांना घरी बोलावणं यायचं. मांडवात नवरीच्या हातात हिरवा चुडा भरायचा तो नानांनी. तिच्या आईच्या हातातही त्यांनीच भरलेला असायचा. पोरीचा हात बघून नाना सांगायचे, ‘सव्वादोन लागंल.’ कधी चुकले नाहीत.

गावात मुस्लिम घरं दोन. आमचं, आणि एका टेलरमामूंचं. दोन्ही घरं मिळून मोठे पुरुष तीन. आता गंमत बघा. जुम्म्याची, म्हणजे शुक्रवार दुपारची नमाज एकट्यानं होत नाही. आमच्या हनफी पद्धतीत इमाम आणि त्याच्या मागे किमान तीन पुरुष हवेत. म्हणजे चार. गावात तीन! त्यामुळे नाना दर शुक्रवारी सायकल काढून तालुक्याच्या गावी जायचे. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की घरीच रोजची दुपारची नमाज पढायचे. ‘एक माणूस कमी पडला बघ,’ म्हणून हसायचे. मी लहानपणी दुआ मागायचे, की अल्ला, आमच्या गावात एक चौथा माणूस पाठव.

जुलै २००८. धानाच्या रोवणीचे दिवस. मी चौदा वर्षांची. रोवणी म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या घरी विचारा. बांधीत पाणी आहे तोवर रोप लागलं पाहिजे, मजूर मिळत नाहीत, कुणाला जेवायला सवड नसते. त्याच आठवड्यात एका पहाटे नाना गेले.

अब्बा आणि आम्ही पोचेपर्यंत दहा वाजले. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चिखलाचे पाय तसेच घेऊन लोक बांधीतून उठून आले होते. गावातली रोवणी अर्धा दिवस बंद. कुणीतरी बोडीपलीकडच्या आमच्या छोट्याशा कब्रस्तानात जाऊन कबर खणायला लागलंही होतं. पावसानं खड्ड्यात पाणी भरत होतं, ते बादलीनं उपसत होते. तालुक्याहून मौलवीसाहेब मोटरसायकलवर भिजत आले.

आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी दारात उभी राहून बघत होते. जनाजा उचलायची वेळ झाली. एका बाजूला मामू आणि अब्बा. मागे टेलरमामू. चौथा खांदा? शेजारचे पोवार काका काही न बोलता पुढे आले आणि त्यांनी दांडा खांद्यावर घेतला. दहा पावलांवर दुसऱ्यानं त्यांना मोकळं केलं, मग तिसऱ्यानं. शेवटपर्यंत खांदे बदलत गेले. मामूंनी नंतर सांगितलं, जनाज्याच्या नमाजेत रुकू नाही, सजदा नाही, ती उभ्यानंच होते. पुढे मौलवीसाहेब आणि आमची चार माणसं. मागे अख्खं गाव चपला काढून, डोक्याला रुमाल बांधून उभं. मग प्रत्येकानं तीन तीन मुठी माती दिली.

आमच्या भागात अंत्यविधीला जाण्याला ‘मातीला जाणं’ म्हणतात. हिंदूही म्हणतात, आम्हीही म्हणतो. ‘मणियारबाबाच्या मातीला गेलतो’ असं सांगणारी माणसं मला आजही भेटतात.

त्या दिवशी नानीपाशी येऊन रडणाऱ्या बायकांची गर्दी तर विचारूच नका. एक म्हातारी आपले हात पुढे करून म्हणत होती, ‘आता माझ्या हाताचं माप कोणाले ठाऊक?’

प्रतापगडची जत्रा

नानांच्या गावापासून प्रतापगड फार लांब नाही. (महाबळेश्वरजवळचा नव्हे. आमचा वेगळा!) तिथं महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. डोंगरावर महादेव, आणि तिथंच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाचा दर्गा. यात्रेला आलेली माणसं दोन्हीकडे जातात. ‘हर हर महादेव’ म्हणत चढलेला माणूस दर्ग्यावर चादर घेऊन उभा दिसतो, यात आमच्याकडे कुणाला काही नवल वाटत नाही. विदर्भात हे नवं नाहीच. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांना (१८६१-१९२५) रघुजीराजे भोसल्यांनी आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात ठेवून घेतलं होतं. बाबांचा फोटो आजही कितीतरी हिंदू दुकानांत गणपतीशेजारी लावलेला असतो.

नाना यात्रेत बांगड्यांचं दुकान लावायचे. नानी दर्ग्यावर जायची. खाली उतरताना महादेवाच्या प्रसादाचा नारळही पदरात असायचा.

पण ही स्टोरी इथं ‘एकतेचं प्रतीक’ म्हणून संपवता येत नाही. माझा एक मावसभाऊ आहे, इंजिनिअर. नागपूरला शिकताना तो जमातीत जायला लागला, दाढी ठेवली, आणि एका सुट्टीत नानीला म्हणाला, ‘‘नानी, दर्ग्यावर मागणं बरोबर नाही. मागायचं फक्त अल्लाकडे. आणि ख्वाजा उस्मान हारुनी म्हणजे अजमेरच्या ख्वाजांचे पीर. त्यांचं दफन मक्केत झालंय. इथं डोंगरावर कोण आहे?’’

नानी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘शंकर कैलासावर राहतात ना रे? तरी शिवरात्रीला इथं येतातच की.’’

आम्ही हसून हसून लोळलो. भाऊसुद्धा हसला. पण त्याचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. त्यानं कुराण अर्थासकट वाचलंय, नानीनं नुसतं पाठ केलं होतं. त्याला आपला धर्म नीट समजून घ्यायचाय, आणि तो त्याचा हक्क आहे. नानीला आपला डोंगर सोडायचा नव्हता, तो तिचा हक्क होता. गावात मौलवी नाही, मदरसा नाही, अशा ठिकाणी धर्म टिकतो तो नानीसारख्या बाईच्या सवयींत. मग बाहेरचं जग मोबाईलमधून येतं आणि विचारतं, हे पुस्तकात कुठं लिहिलंय? हा प्रश्न हल्ली दोन्ही बाजूंना विचारला जातो. यात्रेत दर्ग्यावर थांबणाऱ्या हिंदू पोरांनाही त्यांचे मित्र विचारतातच, तिकडं कशाला गेलतास?

पण... गोडवा बास!

आता तिखट भाग. ज्या पोवार काकांनी चौथा खांदा दिला, त्यांचीच आमच्या मामूंच्या शेताशी हद्द. नाना गेल्यावर दोनेक वर्षांत काकांच्या मुलानं मधला बांध हातभर सरकवला. मामू तलाठ्याकडे जाऊ शकले असते. गेले नाहीत. मी तेव्हा तावातावानं विचारलं, ‘‘का नाही भांडायचं?’’ मामू म्हणाले, ‘‘आपण दोन घरं आहोत. हातभर माती गेली तर गेली. जाऊ दे.’’

हे ‘जाऊ दे’ मी लहानपणापासून ऐकलंय. शाळेत कुणी काही बोललं, जाऊ दे. मॅच हरलो तर तुला आनंद झाला असेल ना, असं कुणी चिडवलं, जाऊ दे. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काही फॉरवर्ड केलं, बघू नको, जाऊ दे. नाना कधी कुणाशी भांडले नाहीत, हे मला लहानपणी त्यांच्या स्वभावाचं कौतुक वाटायचं. आता वाटतं, त्यांना भांडण परवडत होतं का? पाच गावांच्या बायकांनी पाठ फिरवली असती तर पेट्या कुणासाठी भरायच्या होत्या?

काकांचा खांदाही खरा होता आणि बांधही खरा होता. मला दोन्ही एकत्र ठेवून जगायला यायला बरीच वर्षं लागली. पोवारांच्या दोन भावांतही बांधावरून भांडणं होतातच, पण ते कोर्टात जातात आणि दिवाळीला पुन्हा एकत्र जेवतात. आम्हाला ती चैन नाही.

आणखी एक प्रॉब्लेम म्हणजे लग्न! दोन टक्क्यांत स्थळ कुठून शोधायचं? त्यातही शिक्षण जुळायला हवं, बिरादरी जुळायला हवी. म्हणून आमची सोयरीक बालाघाट, राजनांदगाव, दुर्ग, नागपूर अशी पसरलेली. माझ्या बहिणीच्या निकाहात तीन राज्यांचे पाहुणे होते आणि बिर्याणी कुठली करायची यावर जाम वाद झाला. माझ्यासाठी अजून शोध चालू आहे. पुण्यात आयटीत नोकरी करणारी, मराठीत लिहिणारी, गोंदियाची मुलगी... अम्मी म्हणते, ‘तुझं तर शंभरात दोनसुद्धा नाही!’

‘मालक जरा धार्मिक आहेत’

पुण्यात आल्यावर पहिली तीन वर्षं पीजीत काढली. मग वाटलं, आता आपला वन बीएचके हवा. ब्रोकरला फोन केला. पगार सांगितला, कंपनी सांगितली, तो एकदम खूष. ‘‘मॅडम, तुमच्यासारखे टेनंट मिळणं म्हणजे लक!’’ मग नाव सांगितलं. दोन सेकंद शांतता.

‘‘मॅडम, तसं काही नाही, पण मालक जरा... धार्मिक आहेत.’’

‘‘आम्ही पण धार्मिकच आहोत,’’ मी म्हणाले. त्याला जोक कळला नाही.

सात फ्लॅट पाहिले. म्हणजे पाहायला मिळाले ते सात. कुठं ‘सोसायटीचा नियम’, कुठं ‘ओन्ली व्हेज’, कुठं ‘आम्ही कळवतो’. कुणी माझ्याशी वाईट बोललं नाही. सगळे अतिशय सभ्यपणे नाही म्हणाले. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिमांना घर भाड्यानं किंवा विकत मिळण्यातल्या अडचणींची नोंद आहे. कॉलेजात असताना ते मी कुठल्या तरी लेखात वाचून सोडून दिलं होतं. सातव्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये ते आठवलं.

गंमत अशी, की गोंदियात आमच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं. अब्बांचा पगार, अम्मीचं ऑपरेशन, माझे दहावीचे मार्क. त्या सगळ्या माहितीत ‘मुस्लिम’ ही एक माहिती होती, दहातली एक. पुण्यात माझ्याबद्दल कुणाला काहीच माहीत नाही. मग नाव वाचलं की तेवढी एकच माहिती उरते. इतकी वर्षं मिस्त्रींची मुलगी, मणियारबाबाची नात म्हणून वावरले, आणि एका फोन कॉलमध्ये नुसती ‘ती’ झाले.

त्या रात्री मामूंना फोन केला आणि खूप रडले. मामू ऐकत राहिले. शेवटी नेहमीचं ‘जाऊ दे’ येणार म्हणून मी वाट बघत होते. पण ते म्हणाले, ‘‘सोडू नको. शोध.’’

आठवा फ्लॅट एका काकूंचा. वरच्या मजल्यावर त्या स्वतः राहतात. मी ब्रोकरला बाजूला ठेवून थेट गेले आणि दारातच सांगून टाकलं, ‘‘काकू, आधी नाव सांगते. मग घर दाखवायचं की नाही ते ठरवा.’’ काकूंनी नाव ऐकलं, चष्म्यावरून बघितलं.

‘‘गाव कुठलं?’’

‘‘गोंदिया.’’

‘‘अगं बाई! मी तुमसरची!’’ आणि मग एकदम पुणेरी मराठी सोडून, ‘‘कोणाची वं तू?’’

कित्येक वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी अब्बांचं सांगितलं, मिलचं सांगितलं, नानांचं सांगितलं. काकूंनी नानांना पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं. पण त्यांच्या माहेरीही एक मणियार होता, तोही सायकलवर यायचा, त्यांच्या लग्नाचा चुडा त्यानंच भरलेला. ‘‘यंदा धान कसं आहे म्हणे तुमच्याकडं?’’ इथपर्यंत गप्पा गेल्या. घर बघायचं राहिलंच! अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर सही झाली, ती आता चौथ्यांदा रिन्यू झालीय.

हॅपी एंडिंग? हो, माझ्यापुरतं. पण मला एक गोष्ट टोचत राहते. पुण्यासारख्या शहरात घर मिळायला मला तुमसरच्याच काकू भेटाव्या लागल्या. माझ्याच ऑफिसातली मालेगावची एक मुलगी अजून पीजीत आहे. तिला तिच्या गावच्या काकू भेटलेल्या नाहीत.

गेल्या महाशिवरात्रीला लाँग वीकेंड काढून काकूंना घेऊन गावी गेले. महाराष्ट्र एक्स्प्रेस, शेवटचं स्टेशन. प्रतापगड त्यांनी कधी पाहिला नव्हता. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत, माझा हात धरून त्या वर चढल्या. महादेव झाला, दर्गा झाला. उतरताना एका दुकानापाशी थांबल्या आणि बांगड्या बघायला लागल्या. दुकानात एक तरुण पोरगा होता. त्यानं काकूंच्या हाताकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि मला म्हणाला, ‘‘ताई, तुम्हाले सव्वादोन.’’

बरोबर होतं.

कलीग मुस्लिम आहे? मग हे वाचाच!

* हो, रोजात पाणीसुद्धा चालत नाही. दरवर्षी विचारलंत तरी उत्तर हेच! तुम्ही समोर बसून डबा खाल्लात तर आम्हाला राग येत नाही. मात्र संध्याकाळची मीटिंग इफ्तारच्या वेळेवर ठेवू नका. ती वेळ सूर्यास्ताची, रोज थोडी पुढेमागे होते.

* ईदची सुट्टी ऐनवेळी का मागतो? कारण चांद दिसला की नक्की होतं. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तितका अलीकडे सरकतो.

* रमजान ईदला शीरखुर्मा, बकरी ईदला कुर्बानी. दोन ईद वेगळ्या आहेत. ‘बिर्याणी कधी?’ हा प्रश्न दोन्हींना चालतो, पण वर्षभर चालत नाही!

* ‘तुझं मराठी छान आहे’ हे कौतुक इतर मराठी मुलींना करता का, ते आधी आठवून बघा.

* कलीगच्या घरी कुणी गेलं, तर कब्रस्तानात यायला संकोचू नका. मागे शांत उभं राहता येतं, तीन मुठी माती देता येते. आमच्या गावात तर अख्खं गाव येतं.

* घर भाड्यानं द्यायचं आहे? नावाच्या आधी गाव विचारा. गप्पा तिथून सुरू होतात.